‘गेम ऑफ थ्रोन्स’मधील कलाटण्या आणि चाहत्यांच्या प्रतिक्रिया : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मालिका पाहिलेली नसल्यास हे पान वाचावे का?

शक्यतो वाचू नये. एचबीओ वाहिनीवर १७ एप्रिल २०११ ते १९ मे २०१९ या काळात आठ सीझन आणि ७३ भागांत प्रसारित झालेल्या या मालिकेतील जवळजवळ सगळे महत्त्वाचे मृत्यू, जॉन स्नोच्या जन्माचे गुपित आणि शेवट यांचा उल्लेख पुढे कोणताही आडपडदा न ठेवता केलेला आहे. शेवटाकडे ‘हाउस ऑफ द ड्रॅगन’ या पूर्वकथेविषयीही एक प्रश्न आहे.

नेड स्टार्कच्या मृत्यूने प्रेक्षक इतके का हादरले?

कारण पहिल्या सीझनचा हा नायक मरू शकतो, ही शक्यताच कोणी धरलेली नव्हती. पहिल्या सीझनच्या जाहिरातींत लोहसिंहासनावर बसलेला नेड दिसत होता आणि ती भूमिका करणारे शॉन बीन हे नटसंचातील सर्वांत ओळखीचे नाव होते. त्यामुळे १२ जून २०११ रोजी प्रसारित झालेल्या नवव्या भागात तरुण राजा जॉफ्रीने शिरच्छेदाचा हुकूम सोडल्यावरही ऐन वेळी कोणीतरी धावून येईल, या खात्रीने लोक पडद्याकडे पाहत राहिले. तलवार खाली आली आणि नायकाला कथेचे कवच असते, हा कल्पनारम्य मालिकांचा अलिखित नियम त्याच क्षणी मोडला.

काही जणांनी संतापून मालिका सोडण्याची भाषा केली. पण बहुतेकांनी पुढचा भाग पाहिला आणि मग मागचे भागही पुन्हा पाहिले. मागे वळून पाहिल्यावर काय दिसते? राणी सर्सीची मुले राजाची नाहीत, हे गुपित कळल्यावर नेड ते आधी तिलाच जाऊन सांगतो आणि मुलांना घेऊन पळून जाण्याची संधी देतो. राजाचा भाऊ रेन्ली आपली माणसे घेऊन मदतीला तयार असतो, तेव्हा नेड त्याला नकार देतो. ज्याच्यावर विश्वास ठेवू नये, हे त्या नगरात सर्वांना ठाऊक आहे, त्या लिटलफिंगरवर तो विसंबतो. त्याच्या विनाशाची प्रत्येक पायरी त्याच्या सरळपणानेच घडवलेली आहे. मालिकेतील बाकीच्या कलाटण्यांविषयी चाहत्यांचे जे मत झाले, त्याचा मापदंड मला इथेच सापडतो : धक्का कितीही मोठा असला तरी चालतो, मात्र मागे वळून पाहिल्यावर त्याच्यापर्यंत येणारी वाट दिसली पाहिजे.

‘रेड वेडिंग’च्या वेळी नेमके काय झाले आणि प्रतिक्रियांचे व्हिडिओ एवढे कसे पसरले?

तिसऱ्या सीझनचा नववा भाग २ जून २०१३ रोजी प्रसारित झाला. वॉल्डर फ्रेच्या घरच्या लग्नात नेडचा मुलगा रॉब स्टार्क, त्याची गर्भवती पत्नी टलिसा आणि आई केटलिन यांची यजमानांनीच कत्तल केली आणि त्यानंतर श्रेयनामावली कोणत्याही संगीताशिवाय सरकत गेली.

आता, मालिका ज्या कादंबरीमालेवर बेतलेली आहे, तिचे तिसरे पुस्तक २००० सालीच प्रसिद्ध झालेले होते. म्हणजे वाचकांचा एक मोठा वर्ग हा प्रसंग तेरा वर्षे मनात घेऊन फिरत होता आणि त्यातल्या अनेकांनी शेजारी बसलेल्या बेसावध मित्राला किंवा जोडीदाराला त्याची चाहूलही लागू दिली नव्हती. त्यांनी एवढेच केले, की त्या रात्री गुपचूप कॅमेरा सुरू ठेवला. किंचाळणारी, तोंडावर उशी दाबून धरणारी, खोलीबाहेर निघून जाणारी माणसे त्या चित्रणांत दिसतात, आणि त्यांचे एकत्रित संकलन यूट्यूबवर पाहता पाहता सर्वत्र पोहोचले. त्याच महिन्यात मूळ लेखक जॉर्ज आर. आर. मार्टिन यांना कोनन ओब्रायन यांच्या कार्यक्रमात यातील काही दृश्ये दाखवण्यात आली आणि ती पाहताना त्यांना झालेला आनंद लपत नव्हता. हे प्रकरण लिहिणे इतके जड गेले की त्या पुस्तकातील बाकी सर्व प्रकरणे झाल्यानंतर शेवटी ते हातात घेतले, असे त्यांनीच सांगितलेले आहे.

वाचक आणि प्रेक्षक यांच्यातील या विषमतेत थोडी क्रूरता होती, हे मान्य करावे लागेल. परंतु जो वाचक मित्राचा चेहरा टिपत होता, त्याने स्वतः तो धक्का एकट्याने, पुस्तक हातात धरून पचवलेला होता आणि आपण जे सोसले ते दुसऱ्याने सोसताना पाहावे, म्हणजे त्याविषयी बोलायला कोणीतरी मिळेल, ही त्यामागची भावना होती असे मला वाटते. टलिसाच्या बाबतीत मात्र वाचकही फसले : पुस्तकात रॉबची पत्नी वेगळी आहे आणि ती त्या लग्नाला हजरच नसते.

एवढा आघात होऊनही चाहत्यांनी हा भाग मालिकेच्या शिखरांपैकी एक मानला. रॉबने फ्रे घराण्यातील मुलीशी लग्न करण्याचे वचन मोडले होते. मेजवानी सुरू असताना दार लावले जाते, वादक लॅनिस्टर घराण्याचे गाणे सुरू करतात आणि रूस बोल्टनच्या बाहीखाली केटलिनला चिलखत दिसते. या तीन गोष्टी प्रेक्षकाला तिच्याबरोबरच, तिच्याच गतीने कळत जातात. म्हणून तो प्रसंग अंगावर येतो.

असे लग्न इतिहासात खरोखर घडले होते का?

लग्न नाही, परंतु पाहुण्यांचा विश्वासघात दोनदा घडला आणि मार्टिन यांनी त्या दोन्ही घटनांचा उल्लेख केलेला आहे. दोन्ही स्कॉटलंडमधील आहेत. १४४० साली एडिनबरा किल्ल्यात बालराजा दुसरा जेम्स याच्याकडे जेवायला बोलावलेल्या डग्लस घराण्याच्या तरुण अर्लला त्याच्या भावासह ठार मारण्यात आले. फेब्रुवारी १६९२ मध्ये ग्लेन्को येथे मॅकडोनल्ड कुळाच्या घरी पाहुणचार घेत असलेल्या सैनिकांनीच यजमानांवर शस्त्र चालवले.

जॉन स्नोच्या मृत्यूवर कोणाचाच विश्वास का बसला नाही?

१४ जून २०१५ रोजी पाचव्या सीझनच्या शेवटच्या भागात जॉनला त्याच्याच सहकाऱ्यांनी भोसकले आणि बर्फावर पडलेल्या त्याच्या देहावर सीझन संपला. ही कलाटणी आधीच्यांपेक्षा एका बाबतीत निराळी होती. २०११ साली आलेले पाचवे पुस्तकही जॉनच्या बाबतीत याच जागी थांबलेले होते. त्यामुळे पुढे काय होणार, हे वाचकांनाही ठाऊक नव्हते. वाचक आणि प्रेक्षक प्रथमच एका पातळीवर आले.

निर्माते आणि कलाकार ‘जॉन मेला आहे’ असे ठामपणे सांगत राहिले. भागाचे दिग्दर्शक डेव्हिड नटर यांनी तर अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष बराक ओबामा यांनी भेटीत हाच प्रश्न विचारल्याचा किस्सा सांगितला होता. त्यांनाही तेच उत्तर मिळाले. पण चाहत्यांनी शब्दांपेक्षा पुराव्यांवर भर दिला. जॉनची भूमिका करणाऱ्या किट हॅरिंग्टन यांनी केस कापलेले नाहीत, बेलफास्टमध्ये चित्रीकरणाच्या काळात ते दिसले, तिसऱ्या सीझनमध्ये बेरिक डोंडॅरियनला अग्निदेवाच्या पुजाऱ्याने मरणातून परत आणलेले आपण पाहिले आहे आणि जॉन पडला तेव्हा त्याच देवाची पुजारीण मेलिसांड्रे नेमकी कॅसल ब्लॅकमध्ये येऊन पोहोचलेली होती. पुढे त्या वर्षी एचबीओने सहाव्या सीझनचे जे पहिले पोस्टर प्रसिद्ध केले, त्यावर जॉनचाच रक्ताळलेला चेहरा होता.

१ मे २०१६ रोजी जॉनने डोळे उघडले, तेव्हा आश्चर्य फारसे कोणाला वाटले नाही. सुटकेचा निःश्वास मात्र सर्वांनी टाकला. हॅरिंग्टन यांनी सर्वांशी खोटे बोलल्याबद्दल एका मुलाखतीत माफीही मागितली. माझ्या मते इथे खरी कलाटणी पडद्यावर घडली नाही. ती त्या साडेदहा महिन्यांत घडली, जेव्हा चाहते एका नटाच्या केसांची लांबी मोजत होते.

चाहत्यांनी आधीच ओळखलेली कलाटणी फसली असे म्हणता येईल का?

अजिबात नाही, आणि याचा पुरावा जॉनच्याच जन्माच्या गुपितात आहे. तो नेडचा अनौरस मुलगा नसून नेडची बहीण लियाना स्टार्क आणि युवराज रेगार टार्गेरियन यांचा मुलगा आहे, हा तर्क १९९६ साली पहिले पुस्तक आल्यानंतर थोड्याच काळात इंटरनेटवरील वाचकांनी मांडला होता. मालिकेने त्याला २६ जून २०१६ रोजी दुजोरा दिला. जवळजवळ वीस वर्षे चर्चेत असलेली गोष्ट पडद्यावर आली, तरी नवजात बाळाच्या चेहऱ्यावरून जॉनच्या चेहऱ्यावर दृश्य सरकले, त्या क्षणी लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढे मालिकेचे कर्ते झालेले डेव्हिड बेनिऑफ आणि डी. बी. वाइस पहिल्या भेटीला आले, तेव्हा मार्टिन यांनी त्यांना जॉनची आई कोण, हेच विचारले होते आणि त्यांनी बरोबर ओळखले होते. म्हणजे हे कोडे लक्ष देऊन वाचणाऱ्याला सुटावे, अशाच बेताने रचलेले होते.

वाचकांनी ओळखले म्हणून कथानक ऐन वेळी बदलणे ही चूक ठरेल, अशी भूमिका मार्टिन यांनी जाहीरपणे घेतलेली आहे, कारण तसे केले तर आधी पेरलेल्या खुणा खोट्या पडतात. हे मत मला पूर्णपणे पटते. आपला तर्क खरा ठरल्याचा आनंद हा चकित होण्याच्या आनंदापेक्षा वेगळा असतो, पण कमी दर्जाचा नसतो. चाहत्यांना चकवण्यासाठीच जो लेखक दिशा बदलतो, तो सर्वांत लक्षपूर्वक पाहणाऱ्यांनाच शिक्षा करतो.

खलनायकाच्या मृत्यूवर एवढा जल्लोष करणे विचित्र वाटत नाही का?

१३ एप्रिल २०१४ रोजी जॉफ्री स्वतःच्याच लग्नात विषाने मेला, तेव्हा लोकांनी खरोखरच उत्सव केला. त्यात गैर काही नाही. जॅक ग्लीसन या तरुण नटाने ती भूमिका किती चोख वठवली होती, याचीच ती पावती होती. काही प्रेक्षकांना मात्र आईच्या मांडीवर प्राण सोडणारा तो मुलगा पाहून अस्वस्थ वाटले आणि दिग्दर्शनाचा कलही त्याच बाजूला होता.

मग चाहत्यांनी थेट नाकारलेल्या कलाटण्या कोणत्या?

सर्वांत तीव्र नकार पाचव्या सीझनमध्ये आला. १७ मे २०१५ रोजी प्रसारित झालेल्या भागात लग्नाच्या रात्री नेडची मुलगी सान्सा हिच्यावर तिचा नवरा रॅम्सी बोल्टन अत्याचार करतो. पुस्तकात हे दुसऱ्याच मुलीच्या वाट्याला येते. मालिकेने तिच्या जागी सान्साला आणले आणि दृश्याच्या शेवटी कॅमेरा तिच्यावरून काढून, तिच्याच घरात वाढलेल्या थिऑनच्या चेहऱ्यावर ठेवला. तिच्या वेदनेचे महत्त्व एका पुरुषाच्या मनातील खळबळ दाखवण्यापुरतेच आहे काय, असा प्रश्न तेव्हा मोठ्या प्रमाणावर विचारला गेला. अमेरिकेच्या सिनेटर क्लेअर मॅकास्किल यांनी आपण यापुढे ही मालिका पाहणार नाही, असे जाहीर केले. तीनच आठवड्यांनी सिंहासनाचा दावेदार स्टॅनिस याने आपली लहान मुलगी शिरीन हिला जिवंत जाळू दिले, तेव्हाही प्रेक्षक हादरले. पण त्या प्रसंगाला स्टॅनिसची महत्त्वाकांक्षा आणि मेलिसांड्रेवरील त्याची श्रद्धा यांचा आधार होता. म्हणून शिरीनच्या दृश्याविषयी ‘पाहवत नाही’ असे म्हटले गेले, तर सान्साच्या दृश्याविषयी ‘हे दाखवायची गरजच काय होती’ असे. हा फरक ज्यांच्या लक्षात येत नाही, ते सगळ्याच टीकेला प्रेक्षकांचा हळवेपणा समजून मोकळे होतात.

नाइट किंगला आर्याने मारले, यावर मतभेद का आहेत?

२८ एप्रिल २०१९ च्या भागात मृतांच्या सैन्याचा म्होरक्या नाइट किंग याच्यावर नेडची धाकटी मुलगी आर्या हिने झेप घेतली, तेव्हा बारमध्ये जमलेल्या प्रेक्षकांनी छत डोक्यावर घेतल्याचे व्हिडिओ उपलब्ध आहेत. शिकागोच्या बर्लिंग्टन बारमधील प्रतिक्रिया तर मालिकेइतक्याच आवडीने पाहिल्या जात असत. मतभेद सुरू झाले ते दुसऱ्या दिवशी. आर्याचे प्रशिक्षण, ब्रॅनने तिला दिलेला खंजीर आणि मेलिसांड्रेने तिसऱ्या सीझनमध्ये केलेले भाकीत या खुणा समर्थक दाखवतात. विरोधकांचे म्हणणे असे, की नाइट किंगचे वैर सात सीझन जॉनशी जुळवत आणले होते आणि पहिल्या भागातल्या पहिल्याच दृश्यापासून घोंगावणारे संकट एका रात्रीत संपवले गेले. मला दुसरी बाजू अधिक सबळ वाटते, परंतु पहिल्या बाजूला आधारच नाही असे म्हणता येणार नाही. भाग इतका अंधारा होता की काहीच दिसले नाही, ही तक्रार मात्र दोन्ही गटांची होती. छायाचित्रणकार फॅबियन वॅग्नर यांनी त्यावर प्रेक्षकांच्या टीव्हीच्या सेटिंगकडे बोट दाखवले, आणि त्याने कोणाचेच समाधान झाले नाही.

डेनेरिसच्या बदलाने चाहते एवढे का संतापले? खुणा तर आधीपासून होत्या ना?

खुणा होत्या. भावाच्या डोक्यावर वितळलेले सोने ओतले जाताना ती निर्विकारपणे पाहते, मीरीनच्या १६३ मालकांना खिळ्यांनी ठोकून मारते, शरण न आलेल्या टार्ली पितापुत्रांना जाळते. तिच्या वडिलांना संपूर्ण नगर पेटवायचे होते, हे जेमीने तिसऱ्या सीझनमध्ये सांगितलेले आहे. दुसऱ्या सीझनच्या शेवटी तिला छप्पर उडालेल्या सिंहासनगृहाचा आभास होतो. तिथे वरून पडणारे पांढरे कण बर्फाचे की राखेचे, हे तेव्हा कळत नाही.

तरीही १२ मे २०१९ रोजी शरणागतीच्या घंटा वाजल्यानंतर तिने किंग्ज लँडिंगमधील सामान्य माणसांना जाळायला सुरुवात केली, तेव्हा मोठा वर्ग दुखावला गेला आणि माझ्या मते त्यांची तक्रार योग्य होती. वरच्या यादीतील प्रत्येक कृत्याला तिच्यापुरते तरी न्यायाचे कारण होते : ज्यांनी छळले, ज्यांनी मुलांना मारले, ज्यांनी शरण यायला नकार दिला, त्यांनाच तिने शिक्षा केली. निरपराध माणसांना जाळणे ही त्या यादीतील पुढची पायरी नाही. ती दुसऱ्याच जिन्यावरची पायरी आहे आणि एका जिन्यावरून दुसऱ्यावर ती कशी गेली, हे दाखवायला वेळ हवा होता. तो मिळाला नाही. पहिले सहा सीझन दहा-दहा भागांचे होते, सातवा सात आणि आठवा फक्त सहा भागांचा झाला. अधिक भाग करायला एचबीओ तयार होती, हे कर्त्यांनी स्वतः सांगितलेले असल्यामुळे प्रेक्षकांच्या रागाला आणखी धार आली. मैत्रीण मिसांडेचा मृत्यू, ड्रॅगनचा मृत्यू, जॉनचे दुरावणे, सल्लागार टिरियनवरचा विश्वास उडणे, हे सगळे दोन-तीन भागांत कोंबले गेले.

दुसरेही एक कारण आहे. अमेरिकेत शेकडो मुलींची नावे ‘खलीसी’, म्हणजे डेनेरिसच्या पदवीवरून, ठेवली गेली होती. लोकांनी तिच्याशी आठ वर्षे नाते जोडले होते. पडद्यावरील व्यक्तीशी प्रेक्षकाचे असे एकतर्फी जवळिकीचे नाते जुळते, हे डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल यांनी १९५६ सालीच मांडले आहे. तिच्यावर माया करणाऱ्यांना त्या दिवशी आपणच फसवले गेलो असे वाटले. काहींच्या मते नेमके हेच अपेक्षित होते : विजयी सेनानीच्या मागे आपणही डोळे मिटून गेलो, याची जाणीव प्रेक्षकाला व्हावी. हा हेतू उत्तम आहे, पण तो साधण्यासाठी लागणारी तयारी तोकडी पडली.

आठवा सीझन पुन्हा तयार करावा, या याचिकेचे काय झाले?

ती चेंज डॉट ऑर्ग या संकेतस्थळावर होती आणि तिच्यावर १५ लाखांहून अधिक स्वाक्षऱ्या झाल्या. सीझन अर्थातच पुन्हा झाला नाही. सान्साची भूमिका करणाऱ्या सोफी टर्नर यांनी ही मागणी, वर्षभर राबलेल्या कलाकार-तंत्रज्ञांचा अनादर करणारी असल्याचे म्हटले. स्वाक्षरी करणाऱ्या बहुतेकांनाही मागणी मान्य होईल असे वाटत नसावे. आपली नाराजी मोजली जावी, एवढाच त्यांचा उद्देश दिसतो. वाचकांचा दबाव ही नवी गोष्ट नाही. आर्थर कॉनन डॉयल यांनी १८९३ मध्ये शेरलॉक होम्सला मारले, तेव्हाही संतापाची पत्रे आली आणि दहा वर्षांनी होम्स परत आला. फरक असा, की त्या वाचकांना पुढची गोष्ट हवी होती, या प्रेक्षकांना सांगून झालेली गोष्ट पुसून हवी होती.

शेवटचा भाग खरोखर अपयशी ठरला का?

कोणत्या आकड्याकडे पाहता, त्यावर ते अवलंबून आहे. १९ मे २०१९ च्या रात्री अमेरिकेत पुनःप्रसारण आणि स्ट्रीमिंग धरून सुमारे १ कोटी ९३ लाख प्रेक्षकांनी तो पाहिला, जो एचबीओसाठी विक्रम होता. त्या सीझनला ३२ एमी नामांकने आणि सर्वोत्कृष्ट नाट्यमालिकेसह १२ पुरस्कार मिळाले. दुसरीकडे आयएमडीबी या प्रेक्षक गुण देतात त्या संकेतस्थळावर त्या भागाला दहापैकी चारच्या आसपास गुण आहेत. नेडचा मुलगा ब्रॅन याला राजा करण्यामागचे टिरियनचे भाषण, म्हणजे सर्वांत चांगली कहाणी ब्रॅनची आहे हा युक्तिवाद, सर्वाधिक चेष्टेचा विषय ठरला. पाचव्या सीझनमध्ये ब्रॅन एकदाही दिसला नव्हता, हे लोक विसरलेले नव्हते.

कलाटणी आधी कळली तर मजा जाते का?

यावर संशोधकांचे एकमत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेतील जोनाथन लेविट आणि निकोलस क्रिस्टनफेल्ड यांनी २०११ मध्ये १२ लघुकथांवर केलेल्या प्रयोगात, शेवट आधी सांगितलेल्या वाचकांना त्या कथा उलट थोड्या अधिकच आवडल्या. २०१५ मध्ये बेंजामिन जॉन्सन आणि जुडिथ रोझेनबॉम यांच्या अभ्यासात मात्र स्पॉइलरमुळे, म्हणजे कथानक आधीच फुटल्यामुळे, उत्कंठा आणि रंजन कमी झाल्याचे आढळले. अभिमन्यू चक्रव्यूहातून परतणार नाही, हे ठाऊक असूनही आपण ते आख्यान ऐकतोच, त्यामुळे शेवट कळल्याने सगळे संपते असे नाही. मात्र न कळता पाहण्याची संधी एकदाच मिळते आणि ती हिरावून घेण्याचा अधिकार दुसऱ्याला नाही.

‘हाउस ऑफ द ड्रॅगन’च्या चाहत्यांची प्रतिक्रिया वेगळी कशी आहे?

ही मालिका २१ ऑगस्ट २०२२ रोजी सुरू झाली. तिचा आधार असलेले पुस्तक २०१८ सालीच आलेले आणि इतिहासग्रंथाच्या शैलीत लिहिलेले असल्याने कोण मरणार, हे वाचकांना ठाऊक आहे. चर्चा होते ती बदलांवर. पहिल्या सीझनच्या शेवटी राजपुत्र लुसेरिसचा मृत्यू त्याचा मामा एमंड याच्या हेतूने न होता एमंडचा ड्रॅगन ताब्याबाहेर गेल्यामुळे झाल्याचे दाखवले, तेव्हा काहींना ते अधिक शोकात्म वाटले, तर काहींना एमंडला सूट दिल्यासारखे. दुसऱ्या सीझनच्या पहिल्याच भागात राणी हेलेनाच्या मुलाची हत्या होते. पुस्तकात तिला दोन मुलांपैकी एकाची निवड करायला लावले जाते, मालिकेत मात्र धाकटा मुलगा मेलॉर अस्तित्वातच नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये खुद्द मार्टिन यांनी आपल्या ब्लॉगवर या बदलावर सविस्तर टीका लिहिली आणि नंतर ती काढून टाकली. वाचकांच्या बाजूने स्वतः लेखकच उभा राहिल्याचे असे उदाहरण विरळाच.

पहिल्यांदा मालिका पाहणाऱ्या व्यक्तीसोबत बसताना काय टाळावे?

‘आता नीट पाहा’ असे म्हणू नये आणि पडद्याऐवजी तिच्या चेहऱ्याकडे टक लावून पाहू नये. दोन्हींतून गुपित फुटते. ‘या पात्रात जीव गुंतवू नकोस’ हा सल्ला प्रेमाने दिलेला असला तरी तो स्पॉइलरच आहे. तिने तर्क मांडला तर तो बरोबर असो वा चूक, एकाच चेहऱ्याने ऐकावा. आणि शेवटचा सीझन वाईट आहे, असे आधीच सांगून ठेवू नये. डेनेरिसविषयीचे आपले मत तिने सगळे ७३ भाग पाहिल्यावर स्वतः बनवावे आणि मग हवे तेवढे भांडावे.